गुंड्याचा विमा

चहा आधी संपवा, मग मी सुरू करतो. कारण ही गोष्ट ऐकताना माझ्या साडूच्या नाकात चहा गेला होता आणि त्याचं खापर त्यानं माझ्यावर फोडलं. हसायचं तर खुशाल हसा, मला काही वाटत नाही. फक्त एक अट आहे. मधे मधे 'पण तुम्हाला कळलं कसं नाही?' असं विचारायचं नाही. तो प्रश्न मला आतापर्यंत सगळ्या शहादा तालुक्यानं विचारून झालाय.

मी जीवशास्त्राचा मास्तर. शहाद्याच्या एका हायस्कुलात वर्षानुवर्षं पोरांना प्राण्यांचं वर्गीकरण शिकवतो. मला नुसता जबडा दाखवा, तो प्राणी काय खात असेल ते मी सांगतो. पाऊलखुणा दाखवा, वजन सांगतो. हे बढाई म्हणून नाही सांगत. पुढे जे झालं त्याची खोली तुम्हाला नीट कळावी म्हणून सांगतोय.

आमच्याकडे एक कुत्रा आहे. गुंड्या. लॅब्रेडॉर जातीचा, भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचा. अक्कलकुव्याला हायवेवर एक ढाबेवाला आहे, त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली तेव्हा आम्ही दोन उचलून आणली. एक मी घेतलं आणि एक आमच्या समोर राहणाऱ्या भटू आप्पांनी. आप्पा म्हणजे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. शहाद्याहून पुरुषोत्तमनगरकडे जाताना आमची वसाहत लागते, तिथं आमची फाटकं समोरासमोर आहेत. आप्पांनी त्यांच्या पिल्लाचं नाव ठेवलं सरदार.

दोन्ही भाऊ एका साच्यातून काढल्यासारखे. तेच कान, तीच शेपटी, तोच रंग. म्हणून आम्ही गुंड्याला लाल पट्टा बांधला आणि आप्पांनी सरदारला निळा. पण खरं सांगायचं तर पट्ट्याची गरजच नव्हती, स्वभावानंच दोघं ओळखू यायचे. सरदार म्हणजे संत. आप्पा पूजेला बसले की हा उंबऱ्याबाहेर बसायचा, आणि आरती झाली की प्रसादाची वाट बघायचा, तीही मान खाली घालून. आमचा गुंड्या प्रसादाची वाट बघत नसे. तो थेट ताम्हणच चाटायचा.

खाण्याच्या बाबतीत गुंड्या कुठलाही भेदभाव करत नसे. साबणाची वडी, दहावीचे तपासलेले पेपर, गादीतला कापूस, सगळं त्याला सारखंच. एकदा नंदुरबारहून आणलेल्या लाल मिरच्यांच्या पोत्यात त्यानं तोंड घातलं आणि दिवसभर पाण्याच्या हौदात मुंडकं बुडवून बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोत्यापाशी हजर. अनुभवातून शिकणं हा गुण त्याच्यात नव्हता. कुठून आला असेल हा स्वभाव, असं माझी बायको रत्ना माझ्याकडे बघून विचारायची.

तर या गुंड्यानं ऐन हिवाळ्यात माझा लोकरी मोजा गिळला.

गिळला हे आम्हाला नंतर कळलं. आधी नुसतं एवढंच, की त्यानं खाणं सोडलं. गुंड्यानं खाणं सोडलं म्हणजे सूर्यानं उगवणं सोडलं. उलट्या सुरू झाल्या. पाण्याचं भांडं पुढे सरकवलं तर तोंड फिरवू लागला. गावच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस. त्यांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, सर, आत काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय, इथं सोनोग्राफी नाही, वेळ न घालवता सुरत गाठा.

गाडी करून आम्ही सुरतला गेलो. रत्नाच्या मांडीवर त्याचं डोकं होतं आणि वाटभर ती त्याचे कान कुरवाळत होती. मी मात्र बोलत होतो. कुत्र्याच्या आतड्याची लांबी, जठररस वगैरे. माणूस घाबरला की ज्याला जे येतं ते तो बोलतो.

तिथला दवाखाना बघून मला वाटलं चुकून हॉटेलात शिरलो. एसी, काचेची दारं, कुत्र्यांना वेगळा प्रतीक्षाकक्ष आणि मांजरांना वेगळा. एक्स-रे झाला, सोनोग्राफी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. पायावरचे केस भादरून सलाईन लावलं. मोजा अडकलाय, सुटला नाही तर पोट उघडावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रत्नानं मला कोपऱ्यात नेलं आणि बांगड्यांकडे हात नेत म्हणाली, "पैसान्हं देखू नका. पोरगं वाचनं पाहिजे."

मी पैशांचं बघत नव्हतोच. मी त्या पोराकडे बघत होतो, नि माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं. हे मात्र साडूला सांगू नका.

आणि मग काय झालं? ऑपरेशनची वेळ ठरली, आणि त्याच्या आदल्या सकाळी मोजा आला की बाहेर. आपण होऊन. नैसर्गिक मार्गानं. दवाखान्यातल्या लोकांनी तो धुऊन प्लास्टिकच्या पिशवीत घालून बिलासोबत आमच्या हातात दिला. बिल बघून मी खुर्चीवर बसलो. आकडा सांगत नाही. एवढंच समजा, की त्या एका मोज्याच्या खर्चात मला अख्ख्या वसाहतीला लोकरीचे मोजे घालता आले असते आणि वर कानटोप्या आल्या असत्या.

परतीच्या वाटेवर मी जाहीर केलं, की गुंड्याचा विमा काढायचा.

रत्नाचं म्हणणं वेगळं होतं. ती एका पतपेढीत नोकरीला आहे, हिशेबाला पक्की. ती म्हणाली, विम्याचा हप्ता भरायचा तेवढेच पैसे आपण दर महिन्याला गुंड्याच्या नावानं बाजूला टाकू. आजारी पडला तर उपयोगी येतील, नाही पडला तर आपलेच. मी म्हटलं, साठेपर्यंत गुंड्या थांबेल का? तो उद्या दुसरा मोजा खाईल. पुरावा म्हणून मागच्या सीटवर गुंड्या गाडीचं सीटकव्हर चावत होता. शेवटी ती म्हणाली, काढायचा तर काढा, पण मी घरी असताना काढा, अटी मी वाचीन.

तेवढ्यात नवापूरहून तिच्या बहिणीचा फोन आला. भाचीचं बाळंतपण जवळ आलं होतं. रत्ना रजा टाकून नवापूरला गेली, आणि मी ठरवलं की ती परत येईपर्यंत विम्याचं काम चोख करून ठेवायचं. अटी वाचायला काय लागतं? मी जीवशास्त्राचा मास्तर. इथं जीव आहे आणि शास्त्रही आहे.

योगायोगानं त्याच रविवारी वसाहतीच्या मैदानात जनावरांच्या दवाखान्याचं शिबिर होतं. रेबीजची लस, गोचिडांचं औषध, सगळं फुकट. विमा कंपनीला कुत्रा निरोगी असल्याचा दाखला लागत होता, तोही तिथंच मिळणार होता. मी गुंड्याला घेऊन गेलो. समोरून आप्पा सरदारला घेऊन आले. डॉक्टरांनी दोघांना टोचलं, गुंड्याचा दाखला लिहून दिला, आणि दोघांच्या मानेवर गोचिडांचं औषध चोळलं. औषध वाळेपर्यंत पट्टे घालू नका म्हणाले. म्हणून लाल पट्टा माझ्या खिशात गेला, निळा आप्पांच्या खिशात, आणि दोघा भावांना साध्या सुतळीनं निंबाच्या झाडाला बांधलं. सुई टोचल्यामुळे दोघंही रुसून, तोंडं फिरवून पडले होते.

आता मला सांगा, समोर एवढी माणसं जमलेली, प्रत्येकाच्या हातात एकेक कुत्रं, आणि मी नुकताच सुरतचं बिल भरून आलेलो. मी गप्प बसणार आहे का? मी विम्यावर बोलायला उभा राहिलो. जवळपास व्याख्यानच झालं ते. विमा का हवा, सुरतला काय होतं, मोजा कसा आला. लोक मन लावून ऐकत होते. विशेषतः मोज्याचा भाग.

बोलता बोलताच मी झाडापाशी गेलो, एक सुतळी सोडली आणि कुत्रा घेऊन घराकडे निघालो. आप्पांनी उरलेली सोडली.

झालं ते एवढंच.

त्या दिवसापासून माझ्या घरात चमत्कार सुरू झाले.

पट्टा बांधायला गेलो तर आखूड पडला. मी एक भोक सैल केलं आणि मनात म्हटलं, वा, सुरतच्या अशक्तपणानंतर गड्याचं अंग भरतंय. पायावर सलाईनसाठी भादरलेली जागा होती, तिथं बघतो तर केस दाट उगवलेले. आता हे कुणाही शहाण्या माणसाला खटकलं असतं. पण मी शास्त्राचा माणूस, माझ्याकडे कारण तयार होतं. केस म्हणजे प्रथिनं. मी त्याला रोज अंडं देत होतो. मी तर दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात हे उदाहरण म्हणून सांगितलं. पोरांनी वहीत उतरून घेतलं.

जेवण ठेवलं तर गुंड्या वाट बघत बसू लागला. मी 'खा' म्हटलं की खायचा. मी सहज म्हटलं, बस. बसला. हात दे म्हटलं, हात दिला. हे सगळं त्याला मी कधीही शिकवलं नव्हतं. पण मी तीन दिवस आधीपासून सकाळी त्याच्याशी जरा दरडावून बोलायला लागलो होतो, त्याचाच हा परिणाम, असं मी धरलं. फक्त 'गुंड्या' अशी हाक मारली की तो ओ देत नसे. मी म्हटलं, आजारातून उठलाय, विचारी झालाय. विचारी प्राणी हाकेसरशी धावत येत नाही.

सारखं फाटकापाशी बसून आप्पांच्या घराकडे एकटक बघायचा, ही एक नवीन सवय लागली होती. मला त्याच्या शेजारप्रेमाचं कौतुक वाटलं.

विमा कंपनीकडून नंदुरबारहून एक तरुण मुलगी आली. तिचं नाव कल्याणी. तिनं कुत्र्याचे समोरून, दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि मग मोबाईल त्याच्या नाकाशी नेला. म्हणाली, सर, माणसाच्या बोटांचे ठसे असतात ना, तसा कुत्र्याच्या नाकाचा ठसा असतो, त्यावरून आम्ही पुढे क्लेमच्या वेळी कुत्रा ओळखतो.

मी हसलो. तिला चहा दिला आणि हे सगळं तिला खालून वरपर्यंत समजावून सांगितलं. नाकावरच्या त्या बारीक रेघा कशा असतात, जगातल्या कुठल्याही दोन कुत्र्यांची नाकं सारखी नसतात, अगदी सख्ख्या भावांचीसुद्धा नाही. ती पोरगी मान डोलवत होती. कुत्रा नाक पुढे करून पुतळ्यासारखा बसला होता.

"सर, एवढं शांत कुत्रं मी अजून पाहिलं नाही," ती म्हणाली. "ट्रेनिंग दिलंय का?"

"घरचंच," मी म्हणालो.

हप्ता भरला. पॉलिसी मोबाईलवर आली. मी ते सगळे फोटो रत्नाला नवापूरला पाठवले. तिचा लगेच फोन आला. तिनं पॉलिसीबद्दल विचारलं नाही, अटींबद्दल विचारलं नाही. म्हणाली, गुंड्याचं तोंड असं शहाण्यासारखं का दिसतंय? बरं नाहीये का त्याला? मी म्हटलं, तुझ्या माघारी मी त्याला वळण लावलंय. 'तुम्ही?' ती म्हणाली. मग बाळ रडायला लागलं म्हणून फोन ठेवला.

इकडे माझं कौतुक चाललेलं, आणि तिकडे समोरच्या घरात आकाश कोसळलं होतं.

त्यांच्या सरदारनं एका रात्रीत धर्म बदलला होता. त्यानं आप्पांची चप्पल खाल्ली. लीलाकाकूंनी, म्हणजे आप्पांच्या बायकोनं, उन्हात घातलेले उडदाचे पापड खाल्ले. आप्पा पूजेला बसले तर त्यांच्या मांडीवरून उडी मारून ताम्हण चाटलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे संधी मिळाली की तो सुटून आमच्या फाटकावर येऊन धडका मारायचा आणि गळा काढून रडायचा.

मी काय केलं? मी वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन त्याला हाकललं. रोज. तो माझ्या अंगावर उड्या मारायचा, हात चाटायचा, आणि मी 'चल हट, घरी जा' म्हणून त्याला आप्पांच्या फाटकात ढकलून यायचो. हे आठवलं की अजून मला घास गोड लागत नाही. बरं, तेवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. पण मी आप्पांना शिस्तीवर चार शब्द सुनावले. म्हटलं, आप्पा, जनावराला पहिल्यापासून वळण लावावं लागतं, माझ्या गुंड्याकडे बघा.

आप्पा बिचारे बघायचे. त्यांच्याच कुत्र्याकडे बघायचे आणि उसासा टाकायचे.

एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले. ओट्यावर बसले आणि सुपारी कातरत राहिले.

"सर, मन्हा सरदारले काय व्हयनं, समजत नहीं," ते म्हणाले. "येड तं नहीं लागनं त्याले?"

आता बघा, समोर म्हातारा माणूस काळजीत बसलेला. मी म्हणायला हवं होतं की मला ठाऊक नाही. पण ते वाक्य मला शाळेत कुणी शिकवलं नाही. मी म्हटलं, आप्पा, स्वभावात असा एकाएकी बदल म्हणजे मेंदूचं काही असू शकतं. गाठ असेल, ताप असेल. इथल्या दवाखान्यात दाखवा.

आप्पांनी दाखवलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही, त्यांनी एक टॉनिक दिलं. त्या 'सरदार'नं, म्हणजे आमच्या गुंड्यानं, टॉनिक पिऊन झाल्यावर बाटलीचं बूचही खाल्लं. मग मी आप्पांना सुरतच्या त्या दवाखान्याचा पत्ता दिला. स्वतःच्या हातानं लिहून दिला. तिथं डोक्याचा स्कॅन होतो असंही सांगितलं.

लीलाकाकू वैतागल्या होत्या. त्यांचं म्हणणं होतं, सुरतवाल्यांनाही काही समजलं नाही तर हे कुत्रं त्यांच्या भावाच्या मळ्यात नेऊन सोडायचं, उसाची राखण करायला. तळोद्याच्याही पलीकडे. आप्पांना ते सोसवत नव्हतं. पिल्लू असल्यापासून त्यांनी त्याला स्वतःच्या ताटातली भाकरी घातलेली. जायच्या आदल्या दिवशी ते फाटकात उभे राहून आमच्या अंगणातल्या शहाण्या कुत्र्याकडे बघत होते आणि तो शहाणा कुत्रा आप्पांकडे बघून कुंई कुंई करत होता. मी अगदी जवळ उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत हे चाललेलं. मी मनात काय म्हटलं असेल? म्हटलं, गुंड्यालाही भावाच्या आजारपणाचं दुःख झालंय. रक्ताचं नातं.

जायचा दिवस उजाडला. आप्पांनी भाड्याची गाडी बोलावली होती. गुंड्याला मागच्या सीटवर घातलं, शेजारी लीलाकाकू नाकाला पदर लावून बसल्या. आप्पा पुढे. मी त्यांना निरोप द्यायला रस्त्यात उभा होतो, आणि सुरतच्या रस्त्यावर चांगला चहा कुठं मिळतो ते ड्रायव्हरला सांगत होतो. माझ्या शेजारी लाल पट्ट्यातला शहाणा बसलेला.

तेवढ्यात कोपऱ्यावर रिक्षा थांबली आणि रत्ना उतरली. नवापूरहून पहाटेच्या बसनं निघाली होती. हातात पिशव्या, बारशाचे पेढे.

मी 'आलीस का' म्हणणार, इतक्यात गाडीतून असा काही आवाज आला की ड्रायव्हर दचकून बाहेर पडला. अर्ध्या उघड्या काचेतून आधी तोंड आलं, मग पाय, आणि मग सगळाच्या सगळा गुंड्या. तो रस्त्यात आपटला, उठला आणि धावत जाऊन रत्नाच्या अंगावर पडला. पिशव्या एकीकडे, पेढे एकीकडे. पेढे त्यानं खोक्यासकट खाल्ले.

रत्ना खाली बसली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"गुंड्या, तू आप्पास्ना गाडीमा काय करी ऱ्हायना रे?"

मी हसत पुढे झालो. म्हटलं, अगं, तो सरदार आहे. आजारी आहे बिचारा. आपला गुंड्या हा काय माझ्याजवळ.

रत्नानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्याजवळच्या कुत्र्याकडे पाहिलं. मग गुंड्याचा पुढचा पाय उचलून मला दाखवला. तिथं भादरलेली जागा होती, रुपयाच्या नाण्याएवढी, नुकते कुठे खुंट फुटलेली.

"हाऊ सरदार, तं मंग याले सलाईन कोणी लावं?" ती म्हणाली.

सगळे वाकून त्या पायाकडे बघू लागले. ड्रायव्हरसुद्धा. आप्पा गाडीतून उतरले. हळूच, खात्री नसल्यासारखी त्यांनी हाक मारली, "सरदार?"

माझ्याजवळचा शहाणा उठला. धावला नाही. त्याची तशी पद्धतच नव्हती. शांतपणे चालत गेला, आप्पांच्या पायांशी बसला आणि त्यांच्या धोतरात तोंड खुपसलं. आप्पा तिथंच रस्त्यात बसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. लीलाकाकूंनी गाडीतूनच दोन्ही हात जोडले, देवाला की रत्नाला ते कळलं नाही. मला नक्कीच नव्हते.

थोड्या वेळानं मी आप्पांना विचारलं, आप्पा, तुम्हाला तरी कसं कळलं नाही? त्या दिवशी झाडापाशी तुम्ही बोलायचं ना.

आप्पा म्हणाले, "तुम्ही जीवशास्त्रना मास्तर. तुम्हीन एक कुत्रा उचला. मंग उरना तो मन्हाच व्हई, असं समजनू मी."

तर्क बिनचूक होता. चूक त्याच्या सुरुवातीला होती, आणि ती सुरुवात मी होतो.

पण थांबा, अजून विमा राहिलाय.

मी विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं अडचण विचारली. मी सांगितलं, पॉलिसीत कुत्रा चुकलाय. तिनं विचारलं, सर, कुत्रा हरवला आहे का? म्हटलं, नाही. वारला का? नाही, समोरच राहतो, ठणठणीत आहे. मग अडचण काय आहे, सर? मी म्हटलं, तो माझा नाही. ती म्हणाली, सर, पण फोटोत तुम्ही त्याच्या गळ्यात हात टाकून बसला आहात. मी म्हटलं, हो, माझी समजूत झाली होती. थोडा वेळ नुसतं संगीत ऐकू आलं. मग एक वरिष्ठ साहेब आले, त्यांनी हेच सगळे प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. मधे एकदा त्यांचा आवाज बंद झाला. मला वाटलं लाईन तुटली. पण ते फोन बाजूला धरून हसत होते.

माणसं मात्र चांगली निघाली. सुरुवातीच्या काही दिवसांत पॉलिसी रद्द करता येते, तशी त्यांनी केली आणि थोडे पैसे कापून बाकीचे परत पाठवले. कल्याणी पुन्हा नंदुरबारहून आली. या वेळी अटी रत्नानं वाचल्या, एकूण एक. काय धरलंय, काय वगळलंय, पहिले किती दिवस आजारपणाचे पैसे मिळत नाहीत, लशींचा खर्च मिळतो का. मी वाचलेल्या पॉलिसीत यातलं काही होतं हेच मला ठाऊक नव्हतं. शेवटी तिनं आमच्या घराच्या दृष्टीनं खरा प्रश्न विचारला.

"मोजा खाल्ला तर चालतो का?"

कल्याणी जरा विचारात पडली. म्हणाली, चुकून खाल्ला तर अपघातात बसेल, मॅडम. पण रोज खाल्ला तर कंपनी विचार करेल.

नाकाचा फोटो काढायला गेली तर गुंड्यानं मोबाईल चाटला, मग तिची ओढणी चावली, मग कपातला चहा प्यायला. तिला घाम फुटला. म्हणाली, मागच्या वेळी हाच किती शांत होता. रत्ना म्हणाली, नाही बाई, तो समोरचा होता. आमचा हा असा आहे.

आप्पांनीही सरदारचा विमा काढला, कारण त्याचे फोटो आयते तयार होते. मी त्यांना नवी चप्पल, टॉनिकचे आणि गाडीचे पैसे दिले. लीलाकाकूंना पापड दिले. त्या आता पुन्हा माझ्याशी बोलतात. फक्त मी त्यांच्या फाटकात शिरलो की सरदारच्या पट्ट्याला हात घालतात.

तुम्ही विचाराल, मग विमा काढावा की नाही? काढावा. मी ठामपणे सांगतो. मागच्या महिन्यात गुंड्याचा कान पिकला, सुरतेला न्यावं लागलं, आणि बऱ्याचशा खर्चाची भरपाई झाली. रत्नानं शिवाय वेगळे पैसेही बाजूला टाकणं सुरू केलंय, कारण सगळंच काही विमा देत नाही. म्हणजे दोघांचंही बरोबर होतं. माझं थोडं जास्त बरोबर होतं, हे मी अजूनही म्हणतो.

परवा त्याच्या लशीची तारीख होती. रत्ना पतपेढीत, म्हणून मी एकटाच गुंड्याला गावच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी सुई भरली, माझ्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं आणि सुई खाली ठेवली. म्हणाले, सर, राग मानू नका, पण ताईंना जरा फोन लावा.

मी अजिबात राग मानला नाही. मी व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाईल ऐटीत त्यांच्या हातात दिला. रत्ना काऊंटरवर होती, मागे गिऱ्हाइकांची रांग. डॉक्टरांनी तिला आधी गुंड्या दाखवला, मग कॅमेरा जरा मागे घेऊन आम्हा दोघांनाही दाखवलं, आणि म्हणाले, बघा बरं ताई, खात्री करा.

तिनं चष्मा वर केला, नीट पाहिलं आणि सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कुत्रा आपलाच शे, डॉक्टर. आनि त्याले धरी ऱ्हायना तो बी आपलाच शे. आते काय करशात?"